दोन चमचे, मोजून

मोनाली या डिसेंबरात येत नाही म्हणाली,
म्हणून तिच्याकडचा पदार्थ मीच करायला घेतला.
तिकडे त्याला क्रम्बल म्हणतात.
खाली सफरचंद, वर लोणी-मैद्याचा चुरा,
आपल्या चुरम्याचा विलायती चुलतभाऊ.

गोकुळपेठेत फळवाल्याला म्हटलं, जरा आंबट दे.
तो बघतच राहिला.
"मॅडम, लोक गोड आहे का विचारतात,
तुम्ही आंबट विचारून राहिल्या.
आंबटच पाहिजे तं संत्री न्या नं, काटोलची,
आंबिया बहार आहे."
मी दोन्ही घेतलं.

लोणी थंड हवं. नागपुरात ते
वर्षातून फार तर सहा आठवडे जमतं.
बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळवा लावायचा नाही,
तळव्याला ऊब असते.
हे मला फोनवर ती पोरगी शिकवते
जिला मी भाकरी थापायला शिकवू शकले नाही.

ओव्हन जुनाच. गोल, ॲल्युमिनियमचा,
झाकणाला काचेचा एक डोळा,
वायरला दोन जागी चिकटपट्टी.
तो लावला. फोडी केल्या, गूळ, दालचिनी.
कृतीत पुढे होतं:
लिकर, दोन मोठे चमचे.

बाटली घरात होती.
मागच्या खेपेला मोनालीनेच आणलेली, वीतभर, चौकोनी.
मी ती ज्वारीच्या कोठीत, पार तळाशी,
जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेली.
अकरा वर्षं झाली, या घरात बाटली नाही.
खोकल्याचं औषधसुद्धा
मी लेबल दोनदा वाचून आणते.

टोपण फिरवलं. कट्, एवढाच आवाज.
हॉलमध्ये पेपरचं पान
उलटता उलटता थांबलं.

लीलाधर ओट्याशी येऊन उभा राहिला.
बाटलीला हात लावला नाही.
"साल आहे संत्र्याची," म्हणाला, नुसत्या वासावरून.
"इथून गेली असंल बापा,
अन् तिकडून फिरून आली."
मी हसले नाही.
कोरडाच हात उगाच पदराला पुसला.

मग त्याला ती रेघ दिसली.
लेबलाच्या कडेला, निळ्या बॉलपेनची,
बाटली आली त्याच दिवशी मारलेली.
सवय.
अजनीच्या क्वार्टरमध्ये अशा कितीक बाटल्यांवर
मी रेघा मारल्या,
आणि त्याने पाणी घालून घालून
त्या रेघेपर्यंत आणून ठेवल्या.
मला रंगावरून कळायचं.
त्याला माहीत होतं, मला कळतं ते.

आम्ही दोघंही रेघेकडे बघत होतो.
ओव्हन तापून टिकटिकायला लागला.

त्याने माझ्या हातून चमचा घेतला.
एक.
दुसरा काठोकाठ.
थेंब सांडला नाही. हेच हात
एके काळी सकाळी कपबशी वाजवायचे.
फोडींवर ओतलं, टोपण घट्ट लावलं,
फ्रिजवरचं पेन उचललं,
आणि पातळी जिथे उतरली होती तिथे
नवी रेघ मारली. सरळ,
रेल्वेच्या नकाशांवर मारायचा तशी.
"तारीख टाक," म्हणाला,
आणि पेपरकडे गेला.

चुरा एका बाजूने जरा जास्तच लागला,
त्या ओव्हनचं तेवढं असतंच.
मोठं भांडं समोरच्या गजभियेंकडे अर्धं गेलं.
एक स्टीलची वाटी मी आधीच वेगळी लावली होती,
तिच्यात नुसता संत्र्याचा रस.
कोणती कुणाची, हे कुणी विचारलं नाही.
त्याने ती खरवडून खाल्ली,
करपलेला कोपरा आधी.

बाटली आता कोठीत नाही.
फ्रिजच्या दारात, सॉसच्या शेजारी उभी आहे.
दोन निळ्या रेघा,
मध्ये दोन चमच्यांएवढी रिकामी काच.
रात्री पाण्याला उठले की मी बघून घेते.
तोही बघत असावा.
कधी कधी सकाळी
लेबल भिंतीकडे असतं,
कधी आमच्याकडे.